दोन ओळींचा खुलासा

परदेशातल्या कुठल्याशा गावात एका जुन्या हेराला कुणीतरी विष घातलं आणि इकडं आमच्या चारा छावणीतल्या लोकांची झोप उडाली. हसू नका. त्या वर्षी चौसाळ्याच्या आसपास ना पाणी होतं, ना काम. बांधलेल्या जनावरांपाशी दिवसभर बसून राहायचं, एवढाच माणसांना धंदा उरला होता. मग जगाची काळजी आम्ही नाही करायची तर कुणी करायची?

छावणी आमच्या गावातल्या सहकारी सोसायटीनं काढली होती. अनुदान सरकारचं, माळ चेअरमनचा, मांडवावर फोटोही चेअरमनचाच. मी तेव्हा बीडला कॉलेजात होते, पण पाण्यावाचून होस्टेल बंद पडलं आणि आम्हा पोरींना घरी धाडून दिलं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा छावणीत कामाला होते आणि त्यांची भाकर घेऊन मी रोज दुपारी तिकडं जायची. एकदा कुणीतरी म्हणालं, "पोरी, शिकतीस न्हवं? मग वाच की पेपर." तेव्हापासून छावणीचा पेपर मोठ्यानं वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पेपरचे गठ्ठे मांजरसुंब्याच्या फाट्यावर उतरायचे. तिथून ते मोटारसायकलवर घेऊन यायचा आमच्या भागाचा वार्ताहर. बातमी लिहिणारा तोच, पेपर विकणारा तोच, आणि सोसायटीच्या, चेअरमनच्या वाढदिवसाच्या जाहिराती गोळा करणाराही तोच. गळ्यात कॅमेरा, खिशात दोन पेनं. त्याला बघितलं की चेअरमन आपोआप एखाद्या गाईच्या पाठीवर हात ठेवायचे.

तर ती हेराची बातमी. एक सरकार म्हणत होतं, हे विष दुसऱ्या एका सरकारनं घातलं. ते सरकार म्हणत होतं, आमचा काही संबंध नाही. पेपरांनी काय छापायचं नि काय दाबायचं, यावरूनही तिकडं जुंपली होती. मी वाचायची आणि मांडवात नुसता गदारोळ. त्यात सगळ्यांत मोठा आवाज एका रिटायर कंडक्टरचा. हयातभर एसटीत ओरडून ओरडून त्याला हळू बोलताच यायचं नाही. "पुरावा कुठाय? पुरावा दाखवा म्हणावं आधी! कुणाचंबी नाव घ्यायचं म्हंजे काय बापाचं राज्य हाय का?" दुसरा कुणीतरी म्हणायचा, "आन् सरकार म्हणंल तेच पेपरानं छापायचं का बे?" वार्ताहर गालातल्या गालात हसत मान डोलवायचा. तुम्हाला सांगते, मला लई भारी वाटायचं. वाटायचं, आपली माणसं अडाणी म्हणतात, पण न्याय काय असतो हे यांना कळतंय.

दादांना त्या हेरात काडीचा रस नव्हता. ते हौदावर असायचे. टँकर आला की पाणी हौदात सोडायचं, शेवाळ घासून काढायचं, पाळीपाळीनं जनावरं पाजायची. तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? मोठं होतं. आम्ही बौद्ध. छप्पन सालानंतर माझ्या आज्यानं गावातली मेलेली जनावरं ओढायचं सोडलं आणि गावानं त्याच्याशी बोलणं सोडलं. वर मेलेलं ढोर मिळावं म्हणून हे लोक जनावरांना विष घालतात, हा जुना आळ होताच. त्याच आज्याच्या पोराच्या हातचं पाणी आता सगळ्या गावाची जनावरं पीत होती. दादा मायला सांगायचे, "आज पाटलाचा बैल पार माझ्या खांद्यावर मान टाकून उभा राह्यला." सांगताना त्यांचा चेहरा असा फुलायचा की माय चेष्टा करायची, "बैलच दत्तक घ्या आता."

मधेच एकदा अवकाळी पाऊस पडून गेला. चेअरमनच्या रानात काढलेल्या ज्वारीच्या खोडक्यांना हिरवेगार फुटवे आले. आता दुष्काळी रानातले ज्वारीचे कोवळे फुटवे जनावराला विष असतात, त्यानं किराळ लागतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण चेअरमनला दानशूर व्हायचं होतं. गड्यांना हुकूम झाला आणि ट्रॅक्टर भरून हिरवा चारा छावणीत आला. वार्ताहरानं फोटो काढला. महिनोन् महिने उसाचं वाळकं वाढं चघळून कंटाळलेल्या जनावरांनी त्याच्यावर उड्या टाकल्या. एकदोघं कुजबुजले, "फुटवे हायेत हे." पण चेअरमन समोर उभे. तोंड कोण उघडणार?

खाऊन झाल्यावर जनावरं हौदावर गेली. पाणी प्यायली आणि तिथंच थरथरायला लागली. तोंडाला फेस, पाय ताठ. धडाधड पडली. बायका ऊर बडवत होत्या. कंडक्टरची कालवड त्याच्या मांडीवर मेली आणि तो एवढा मोठा माणूस पोरासारखा रडला. त्याचं दुःख खरं होतं, ते मी नाकारत नाही.

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी भराभर इंजेक्शनं दिली, काही जनावरं उठलीही. आणि सगळ्यांदेखत ते ओरडले, "किराळ लागलंय! ज्वारीचे फुटवे कुणी घातले रे?" मी ऐकलं. सगळ्या छावणीनं ऐकलं. मग चेअरमन त्यांना जीपकडं घेऊन गेले. परत आले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "नमुने प्रयोगशाळेत पाठवतो. अहवाल आल्याशिवाय काही सांगता येणार नाही." तहसीलचे साहेब आले, तेही तेच म्हणाले. तो अहवाल आम्ही कुणी कधी बघितला नाही.

मग प्रश्न आला, मेलेली जनावरं ओढायची कुणी? चेअरमननी इकडंतिकडं बघितलं आणि दादांना म्हणाले, "चल रे, तुमची माणसं बोलव. दोर घ्या." अख्ख्या छावणीत आमच्या लोकांचं जुनं काम त्यांना बरोबर आठवलं. दादा हौदाच्या कडेला उभे होते, हात ओले. ते शांतपणे म्हणाले, "आमी ते सोडलंय, साहेब. ज्याचं जनावर त्यानं हात लावावा. मी मदतीला येतो. पण तुमी हुकूम सोडला म्हणून न्हाई वढायचो."

 चेअरमननी रस्त्याच्या कामावरचं जेसीबी आणून खड्डा खणला. पण खड्डा बुजायच्या आत छावणीत एक नवीनच बोलणं सुरू झालं. जनावरं हौदावरच कशी काय पडली? पाणी कुणाच्या हातात होतं? आणि तो ओढायला नाही कावून म्हणाला? कुणी म्हणालं, विरोधी पॅनलचा माणूस आहे, छावणी बंद पाडायला पेरलेला हेर आहे. माझ्या बापाला मतदानाच्या दिवसाशिवाय कुठल्या पॅनलनं कधी विचारलं नव्हतं!

दादांनी तांब्या घेतला, त्याच हौदातलं पाणी भरलं आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायले. "घ्या. हाय का विष?" कंडक्टर मला वाटतं क्षणभर वरमला. मग म्हणाला, "ढोराला चढतं ते माणसाला चढलंच असं न्हाई." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, पण म्हणाला. आणि पाण्यातच विष असल्याचा पंचनामा झाला तेव्हा पंच म्हणून सही त्यानंच केली. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "काका, आता कुठं गेला तुमचा पुरावा? त्या परदेशातल्या हेरासाठी तर रोज घसा फोडत होता!" तो म्हणाला, "त्यो मोठ्या लोकांचा मामला हाय, पोरी. तू मधी पडू नको."

मी त्या लोकांना नीट ओळखून आहे. त्यांना सगळं ठाऊक होतं. पण चाऱ्याचं नाव निघालं असतं तर सोसायटीची परवानगी गेली असती, आणि छावणी बंद झाली असती तर उरलेली जनावरं कुठं न्यायची? पाण्याचं नाव निघालं तर जाणार एक माणूस, तोही आमच्या वस्तीतला. त्यांनी हिशेब केला आणि तो त्यांना परवडला. दादांना पोलीस घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मी भाकर न घेताच छावणीत गेले, कुणी काही सांगतंय का बघायला. पेपर आला होता. आणि कुणीतरी, खरंच, सवयीनं तो माझ्या हातात दिला. पहिल्याच पानावर होतं. छावणीतल्या हौदात विषप्रयोगाचा संशय, विरोधकांचा हस्तक ताब्यात. खाली दादांचं पूर्ण नाव, गावासकट.  मी ती बातमी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्यानं वाचली. आवाज कापू दिला नाही. वाचून झाल्यावर कुणीही पुरावा मागितला नाही. मी पेपर तिथंच फेकला आणि त्यानंतर छावणीत कुणासाठीही वाचला नाही.

दादांना पुढं सोडून दिलं. खटला नाही, काही नाही; उभा करायला होतंच काय? घरी आले ते पाठ धरून चालत, पण मारलं का ते त्यांनी मायलाही सांगितलं नाही. त्यांची मागणी एकच होती. वार्ताहराला भेटून ते म्हणाले, "माझं नाव छापलं, तसंच मी काय केलं न्हाई, हे बी छापा. दोन ओळी. जास्त न्हाई मागत." तो म्हणाला, "वरून मंजूर व्हावं लागतं. बघतो." दादा रोज फाट्यावर जाऊन पेपर विकत घ्यायचे. वाचता यायचं नाही, म्हणून मला शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवायला लावायचे. त्या पेपरात तेव्हा तिकडच्या सरकारनं पेपरवाल्यांची गळचेपी केल्याबद्दल अग्रलेख यायचे. मला तो कागद चुलीत घालावासा वाटायचा, आणि मी घालायचीही.

वर्षं गेली. मला नोकरी लागली, अंबाजोगाईला राहायला गेले. पुन्हा दुष्काळ पडला, पुन्हा त्याच सोसायटीची छावणी, तेच चेअरमन. मी सुट्टीवर घरी होते तेव्हा कंडक्टर आला. थकला होता. प्रेमानं बोलला, चहा प्यायला. म्हणाला, "गडी लागतेत छावणीला. तुमी या. कडबा कापायच्या मशीनवर."

दादांनी विचारलं, "पाण्यावर कावून न्हाई?"

"तसं न्हाई. आमी तुमाला वळखतो की! पण लोकं तयार व्हायची न्हाईत. पेपरात आलतं न्हवं."

तो गेला. मग दादा मला म्हणाले, "तो छापणारा हाय का गं आजून? तू आता नोकरीवाली हायस. तुझं ऐकंल. एकदा इचार, दोन ओळीचं."

मी गेले. मला माहीत होतं काय होणार, तरी गेले. आता त्याचं स्वतःचं साप्ताहिक होतं, दारावर पाटी, भिंतीवर निर्भीड पत्रकारितेबद्दल मिळालेली सन्मानचिन्हं ओळीनं लावलेली. त्यानं ओळखलं. खुर्ची दिली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, तुमचे वडील निर्दोष होते, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण आता ती बातमी राहिली नाही हो. कोण वाचणार?" मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं तेही हसून ऐकून घेतलं.

घरी आले तर दादा दारातच बसले होते.

"छापतो म्हणला का?"

"न्हाई म्हणला, दादा."

"बरं," दादा म्हणाले. "मग त्या कंडक्टरला निरोप दे. म्हणावं, कडबा बी तुमचा तुमीच कापा."