दुधी भिंत

चहा गाळत होते, तेवढ्यात दाराची कडी वाजली. पाठोपाठ बाहेरच्या ओट्यावरची बादली लवंडल्याचा आवाज. जीवराम रंगारी उभा होता. खांद्यावर शिडी, धोतराची कड भिजलेली. मूळचा सावद्याचा, पण धुळ्यातल्या आमच्या गल्लीतल्या निम्म्या भिंतींवर त्याचाच हात. आमच्याकडे तर सतरा वर्षं, दर दिवाळीआधी.

सत्त्याऐंशी साल. शेजाऱ्यांनी मजला चढवला आणि आमच्या मागच्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागे. सासूबाई तिथेच पोथी वाचत.

"जीवरामभाऊ, पांढरंफटक नको, पिवळंही नको. उजेड परतून यावा असा दुधी रंग द्या."

"देतो ना अक्का. खोलीत चांदणं पडंल."

त्याचं माप ठरलेलं: बादलीभर गाळलेल्या चुन्यात चिमूटभर पिवळी माती, आणि रंग उजळावा म्हणून निळीचे चार थेंब. ढवळायचं, दारामागे पट्टा ओढायचा, वाळला की लांबून बघायचं. एरवी एका पट्ट्यात भागे. यंदा त्याने पाच ओढले. दर वेळी "अजून पिवळाच शे," म्हणून आणखी नीळ टाकी. नीळ जास्त होतेय हे माझ्या लक्षात येत होतं. पण दारामागच्या अंधारात रंग फसवा, आणि सतरा वर्षांच्या हाताला मी काय शिकवणार?

दुपारी भिंती वाळल्या. खोली होती त्याहून अंधारली होती. निळसर, गारठलेली.

"काय रे जीवराम," सासूबाई दारातून म्हणाल्या, "भिंती रंगवल्यास की माझी लुगडी निळीत घातलीस?"

जीवराम हसला. मग ते हसू तोंडावर तसंच ठेवून माझ्याकडे वळला.

"अक्का, खरंच निळी शे?"

"हो."

तो शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. डावा डोळा तरुणपणीच चुना उडून गेलेला, ते मला ठाऊक होतं. उजव्यात मोतीबिंदू उतरलाय, हे त्या दिवशी त्याने सांगितलं तेव्हा कळलं. वर्षभर त्याला बठ्ठंच, सगळंच पिवळं दिसत होतं: चुना, दूध, बायकोचे पिकले केस. डॉक्टर म्हणाले होते, पिकू दे, मग काढू.

"आणि नाही साधलं तर? दुसरा डोळा कुठे शे माझ्याकडे?"

एरवी त्याला काम देणाऱ्या ठेकेदार अभिमनला कळलं असतं तर त्याने शिडीला हातही लावू दिला नसता. आणि जीवरामने जन्मात दुसरं काम केलं नव्हतं.

सासूबाई पोथी घेऊन ओट्यावर गेल्या. मी चहा आणला आणि कपबशी त्याच्या हातात धरवली. तो हळूहळू प्यायला. बशी जमिनीवर ठेवताना आधी बोटांनी फरशी चाचपली.

"उद्या परत लावून देतो," तो म्हणाला. "चुना मी कालवीन, कुंचा मी मारीन. नीळ तेवढी तुम्ही टाका, अक्का."