नानांचा तिसरा गिअर

मला भाषणाची किंवा लेखाची सवय नाही. पण नाना सोनवणे यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात आमच्या घरातून काहीतरी गेलेच पाहिजे, असे आईने सांगितले, म्हणून लिहितो.

नानांची आणि माझी ओळख त्यांच्या धुळ्यातल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या जुन्या जीपमध्ये झाली. मी आणि माझा धाकटा भाऊ विलास एकाच वेळी शिकायला गेलो होतो. पहिल्या दिवशी नानांनी आम्हाला चावी दिलीच नाही. बंद जीपमध्ये बसवून उजवा हात बाहेर काढायला शिकवले. "आधी हात वळेल, मग गाडी," असे ते म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात विलासने पारोळा रस्त्यावर वेग घेतला. नानांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला आणि त्याला खाली उतरवले. "आता नाक्यापर्यंत पायी चल. वेग म्हणजे काय ते पायांना कळू दे." विलास चालला आणि जीप त्याच्या मागून पहिल्या गिअरमध्ये आली. त्या दिवसापासून विलास त्यांचा भक्त झाला, वेग मात्र कमी झाला नाही.

पुढे धुळ्यात विलासचे पाइपांचे दुकान चांगले चालले आणि त्याने आपली हौस पुरवली. एका परदेशी कंपनीला आपली मोटारसायकल शर्यतीत उतरवायची होती. त्यासाठी नियम असा, की तशीच गाडी रस्त्यावर चालण्याजोगी करून ठराविक संख्येने लोकांना विकायची. त्या मोजक्या गाड्यांपैकी एक विलासने मुंबईच्या एका शौकिनाकडून मिळवली. अंगाने शर्यतीची, कागदाने रस्त्याची. ती त्याने आधी देवळात नेली नाही, नानांकडे नेली.

नानांनी गाडीभोवती फेरी मारली. "आरसे आहेत, दिवे आहेत, हॉर्न आहे. मग ही शर्यतीची कशी?"

"नाना, रस्त्याच्या नियमात बसली म्हणून तर शर्यतीत घेतली."

"म्हणजे आधी शिस्त, मग वेग." नानांनी स्वतःच्या हाताने नारळ फोडला. "शहाणी कंपनी आहे. तू तिच्याकडून शीक."

विलास चार वर्षांपूर्वी गेला. आजारपणाने गेला, गाडीने नाही. हे सांगावे लागते, कारण लोक तेच विचारतात. गाडी आमच्या पारोळ्याच्या घरी ओसरीत उभी राहिली. आई रोज तिच्यावरची धूळ पुसायची. ती चालवणारे घरात कोणी नव्हते, म्हणून मी आणि विलासची पत्नी सुनीता यांनी ती विकायचे ठरवले. पुण्याचा एक तरुण घ्यायला आला. त्या दिवशी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

नाना मात्र आले. कोणी बोलावले होते, हे मला आजही माहीत नाही. ते त्या तरुणाला म्हणाले, "मला ही गाडी शिकायची आहे. शिकून झाली की तुम्ही न्या."

"आजोबा, वय काय तुमचं?"

"पंचाहत्तरीला अवकाश आहे."

"आणि शिकायला किती दिवस लागतील?"

"ते विद्यार्थ्यावर असतं," नाना म्हणाले आणि पिशवीतून लाल रंगातला 'एल' काढून त्यांनी त्या शर्यतीच्या गाडीला पुढून आणि मागून चिकटवला.

तेव्हापासून गाडी नानांकडे आहे आणि दर रविवारी ते धुळ्याहून पारोळ्याला तिच्यावरून येतात. चाळीसच्या वर जात नाहीत. या गाडीवर लोक टाकीवर ओणवे होऊन बसतात, नाना पंगतीत बसल्यासारखे ताठ बसतात. वळायच्या आधी उजवा हात बाहेर काढतात. त्याच हातात अॅक्सिलरेटर असल्यामुळे गाडी गचके खाते. नानांच्या मते वळणाआधी वेग आपोआप कमी व्हावा म्हणून कंपनीने केलेली ही उत्तम सोय आहे. उन्हाळ्यात इंजिन इतके तापते, की ते पोटऱ्यांना ओले पंचे गुंडाळतात. एकदा लुनावरचा दूधवाला बाजूला येऊन म्हणाला, "नाना, पेट्रोल सरी गे का? धक्का दिऊ?" नानांनी हात हलवून त्याला रीतसर पुढे जाण्याची खूण केली.

नाक्यावरून गाडीचा आवाज आला, की आई वांगी भाजायला ठेवते. नाना दारात उतरेपर्यंत भरीत तयार असते.

सुनीतालाही दुकानाची पिकअप गाडी नानांनीच शिकवली, त्यामुळे दुकान बंद पडले नाही. एकदा विलासच्या आठवणीने तिला चालवता चालवता रडू आले. नाना शांतपणे म्हणाले, "रडा, पण आधी हात दाखवा आणि गाडी बाजूला घ्या." तिने तसे केले. नाना खाली उतरून गाडीकडे पाठ करून उभे राहिले. परत आले तेव्हा म्हणाले, "आता आरसा बघून निघा."

पुण्याचा तरुण अजून दिवाळीला फोन करतो. "आजोबा शिकले का?" मी नानांना विचारतो. उत्तर ठरलेले असते, "तिसरा गिअर राहिलाय." मागच्या दिवाळीत हे उत्तर मिळाले त्याच सकाळी त्यांनी एका मुलीला जीपवर तिसरा आणि चौथा शिकवला होता, हे मी पाहिले होते. मी पुण्याला तेच उत्तर कळवले.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, विलासच्या नावाने पितरांची घागर भरली. नाना जेवायला होते. आईने सांजोरी वाढता वाढता विचारले, "नानाभाऊ, कव्हय व्हई तुमनं शिकनं?"

"आजून वळण जमत नही, अक्का." अर्ध्या धुळ्याला वळायला शिकवणारा माणूस हे म्हणाला.

आईने ताटात आणखी एक सांजोरी टाकली. "मंग ऱ्हाऊ द्या. घाई नही शे."

सत्कार समितीने मिरवणुकीपुरता 'एल' काढावा, अशी विनंती केली होती. नानांनी ती नम्रपणे नाकारली आहे.

नानांची प्रकृती ठणठणीत राहो, त्यांच्या हातून अजून पुष्कळ जण शिकोत, त्यांना शंभरी पाहायला मिळो. आणि आमच्या घरातल्या सगळ्यांची एवढीच इच्छा, की त्यांना तो तिसरा गिअर कधीच न जमो.