चिडीचूप

शाळेत बाईंना त्यांच्या माघारी सगळे 'चिडीचूपबाई' म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होते. वर्गात पाऊल टाकताना त्यांच्या तोंडून पहिला शब्द तोच निघे, आणि तो निघाला की मुलींचा कलकलाट दिवा मालवावा तसा मावळे. इतर वर्गांतून बाजार भरल्यासारखा गोंगाट येत असताना या एका वर्गापाशी आल्यावर मुख्याध्यापकांची पावलेही आपसूक हलकी पडत. नव्या शिक्षकांना ते हा वर्ग मुद्दाम दाखवायला आणीत. बाई वरकरणी संकोचत. पण कौतुक कुणाला कडू लागते?

या शांततेमागे बाईंची एक युक्ती होती, आणि तिच्यावर त्यांची व्रतस्थासारखी श्रद्धा होती. वर्षारंभी वर्गातली सर्वांत द्वाड मुलगी हेरायची आणि तिलाच मॉनिटर करायचे. हाती अधिकार आला की अंगी उत्तरदायित्व येते, असा त्यांचा अनुभव. अशा कितीतरी वांड पोरी त्यांनी माणसांत आणल्या होत्या. त्यांतली एक आता परिचारिका होऊन रुग्णालयाचा अख्खा मजला सांभाळी आणि बाई दिसल्या की रस्ता ओलांडून भेटायला येई. बाई वर्गाबाहेर असताना जी बोलेल तिचे नाव मॉनिटरने त्या परतल्यावर सांगायचे, आणि त्या मुलीने तासभर भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, एवढाच नियम. तो साधा होता, म्हणून बाईंना निर्दोष वाटे.

त्या वर्षीची मॉनिटर एका बांधकाम ठेकेदाराची मुलगी होती. बुद्धीने तल्लख, जिभेने तिखट. चार दिवसांत तिने वर्ग मुठीत आणला. पुढे वर्षाच्या मध्यावर एका घड्याळजीची मुलगी दाखल झाली. अंगाने थोराड, चालीने संथ. प्रश्न विचारला तर उत्तर अचूक देई, पण जरा थांबून देई. मॉनिटरने पहिल्याच आठवड्यात तिचे 'बंद घड्याळ' असे नामकरण केले. बाईंच्या कानावर ते आले तेव्हा दटावायचे सोडून त्या हसल्या होत्या. नाव चपखल होते ना!

नंतर नवी मुलगी वरचेवर भिंतीकडे उभी दिसू लागली. प्रारंभी तिच्या जोडीला कधी ही, कधी ती. हळूहळू जोडीला कुणी उरले नाही, आणि वर्ग अधिकच निःशब्द झाला. बाईंनी सर्वांसमक्ष मॉनिटरची पाठ थोपटली.

एके सकाळी घड्याळजी शाळेत आले. वर्षानुवर्षे भिंग लावून उजव्या डोळ्याभोवती पडलेला वळ त्यांच्या मुद्रेचाच भाग झाला होता. मुलगी सकाळी उठली की उलटी करते, दाराची चौकट सोडत नाही, विचारले तर काही सांगत नाही, तेव्हा बाईंनी जरा लक्ष घालावे, असे त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितले. बाई मनाच्या प्रेमळ होत्या. त्यांना जे प्रेमळपणाचे वाटले ते त्यांनी तत्काळ केले. दोघींना बापासमोर शेजारीशेजारी उभे केले आणि घड्याळजींच्या मुलीला विचारले, ही तुला त्रास देते का? मुलीने खाली पाहत मान हलवून नकार दिला. मॉनिटरचे डोळे पाणावले. आपण तर तिला समजावतच असतो, असे ती म्हणाली. बाईंनी दोघींचे हात घेतले आणि एकमेकींच्या हातात दिले.

"झालं गेलं विसरा," त्या म्हणाल्या. "आणि तू गं, आजपासून हिला सांभाळायचं काम तुझं."

"हो बाई," मॉनिटर म्हणाली.

घड्याळजींनी आभार मानले. त्यांच्या मुलीचा हात थंडगार आणि ओला होता. बाईंना वाटले, अंगात कसर असेल.

काही दिवसांनी ती यायची थांबली. मग निरोप आला की मुलगी आता घरीही बोलत नाही, आईशीही नाही. बाईंनी वर्गाला विचारले. वर्ग चिडीचूप. पण मधल्या सुट्टीत पहिल्या बाकावरची एक किरकोळ मुलगी वह्या उचलायच्या निमित्ताने त्यांच्यामागे आली. जिन्याच्या वळणावर, वरून कुणी पाहत नाही अशी खात्री करून, तिने तोंड उघडले.

"बाई, आम्ही आपापसात बोललो तर मॉनिटर काही सांगत नाही. त्या नव्या मुलीशी बोललं, तरच सांगते."

"म्हणजे?"

"मी तिला एवढंच विचारलं होतं, की डबा का नाही खाल्लास. तर तुम्ही मला तासभर उभं केलंत."

बाईंनी वह्या पायरीवर ठेवल्या आणि त्या तिथेच खाली बसल्या. पुढचे त्या मुलीने भराभर सांगून टाकले. मॉनिटरने घड्याळजींच्या मुलीला कधी चिमटासुद्धा काढला नव्हता. त्या दिवशी हात जुळवल्यापासून मात्र ती सुट्टीत रोज तिच्या शेजारी जाऊन बसे आणि कानात सांगे, 'बाईंनीच तुला माझ्या ताब्यात दिलंय.' बाईंना ध्यानी आले की शासन करणारा हात आरंभापासून आपलाच होता. त्या वर्गात ज्या ज्या मुलीच्या मनात करुणेचा अंकुर फुटला, तिला तिला आपण वेचून भिंतीकडे उभे केले, आणि जे उरले त्याला शिस्त म्हणून मिरवले.

मुख्याध्यापकांनी सारे ऐकले आणि चष्मा पुसला. पोरीपोरींची भांडणे म्हणजे दुधाचे उतू जाणे, आच कमी केली की आपोआप खाली बसते, असे त्यांचे मत पडले. "बाई, तुमच्या वर्गाचं नाव आहे. ते कशाला घालवता?"

संध्याकाळी बाई घड्याळजींच्या दुकानात गेल्या. दुकान म्हणजे एक फळी, एक दिवा आणि धूळ बसू नये म्हणून काचेच्या वाट्यांखाली झाकलेली उघडी यंत्रे. मागे स्टुलावर मुलगी पट्ट्यांना पिना घालीत होती. चूक माझी होती, असे बाई म्हणाल्या. घड्याळजींनी डोळ्याचे भिंग काढले नाही.

"बाई, माफी राहू द्या. उद्या ती आली, तर तुम्ही काय करणार ते सांगा."

ते उत्तर बाईंनी मुलीकडे वळून दिले. मॉनिटर हे पदच आता राहणार नाही, आणि तो नियमही नाही. सुट्टीत मी स्वतः वर्गात असेन. प्रत्येकीशी मी एकेकटीने बोलणार आहे. त्या मॉनिटरशीही, तिच्या आईवडिलांशीही. तुला काही सांगायचे असेल तर एकटीने सांग. पुन्हा कधी मी तुम्हा दोघींना समोरासमोर उभे करणार नाही. मुलीने सगळे ऐकले असावे. हात मात्र क्षणभरही थांबले नाहीत.

बाईंनी बोलल्याप्रमाणे केले, आणि मुलगी आली. वर्गात कधी नव्हे इतका गलबला होता. ठेकेदाराची मुलगी दूरच्या बाकावर ओठ घट्ट मिटून बसली होती. बाकीच्या मुली घड्याळजींच्या मुलीभोवती मधमाश्यांसारख्या जमल्या. कुणी खडू दिला, कुणी रबर. तिने सारे घेतले, बाकावर ओळीने ठेवले आणि कशालाच हात लावला नाही. सुट्टी संपता संपता ती उठून टेबलाशी आली.

"बाई, मला दुसऱ्या शाळेत जायचंय."

आता सगळे सुरळीत झाले आहे, हे वाक्य बाईंच्या जिभेच्या टोकाशी आले होते. त्यांनी ते गिळले. इतक्या दिवसांनी फुटलेल्या पहिल्या शब्दांना नकाराने उत्तर द्यायचे त्यांना धैर्य झाले नाही, आणि तसा अधिकारही आपल्याकडे उरलेला नाही, हे त्यांना कळत होते.

"बरं," त्या म्हणाल्या. "मी येते सोबत."

दुसऱ्या शाळेतली वर्गशिक्षिका वयाने लहान होती. बाईंनी तिला काहीही हातचे न राखता सारे सांगितले: ते हसणे, ते भिंतीकडे उभे करणे, हातात हात देणे. ऐकताना तीच अवघडून गेली. "हे मला कशाला सांगताय? तुमचंच नाव खराब होईल."

"तुमच्या हातून हे होऊ नये म्हणून," बाई म्हणाल्या.

बाहेर बाकावर बापलेक बसले होते. घड्याळजी उठून उभे राहिले. मुलीने वर पाहिले नाही, आणि तिने पाहावे अशी अपेक्षाही बाईंनी धरली नाही. त्या चालत परत निघाल्या. दुपारचे तास अजून व्हायचे होते. दूरच्या बाकावर ठेकेदाराची मुलगी बसलेली असणार होती. तीही त्यांचीच विद्यार्थिनी, त्यांनीच घडवलेली. आणि तिच्याशी बोलायला कुठून आरंभ करावा, ते शाळेचे फाटक आले तरी बाईंना सुचले नव्हते.