लोटाभर पाण्यानं धुतलेली बाटली

बायको गेल्यापासून मी रोज चार ओळी लिहितो. आज तिच्या लोटाभर पाण्याविषयी.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता, आणि पावसानं पाठ फिरवली होती. मी जळकोटकडच्या एका वीज उपकेंद्रावर अभियंता होतो. तिथल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवर आसपासच्या गावांचे पिण्याच्या पाण्याचे पंप चालत. ट्रान्सफॉर्मरच्या पोटात तेल असतं. ते आतल्या तारांना थंड ठेवतं, ठिणगी पडू देत नाही. त्यात ओल शिरली की सगळंच जळायची भीती. आमच्या तेलात ती शिरली होती. म्हणून नांदेडहून तेल गाळायचं यंत्र मागवलं, ट्रान्सफॉर्मर बंद ठेवला आणि तेल तापवून, गाळून, पुन्हा पुन्हा आत फिरवलं. गढूळ तेल निवळशंख झालं. घरून आणलेल्या बाटलीत नमुना भरून मी एसटीनं लातूरला गेलो.

वीज मंडळाचं नवं जिल्हा कार्यालय भाड्याच्या जागेत होतं. पाटीचा रंगही वाळला नव्हता. चाचणीच्या पेल्यात दोन गोळे समोरासमोर असतात. वर तेल ओतायचं, विजेचा दाब वाढवत न्यायचा आणि ठिणगी कधी पडते ते पाहायचं. आमची लगेच पडली.

"तेल आहे का ताक?" तिथले साहेब म्हणाले. "उतरवा तो ट्रान्सफॉर्मर. भंगारात धाडा."

"त्याच्या जागी दुसरा, साहेब?"

"नव्या जिल्ह्याला आधी खुर्च्या तर येऊ द्या!"

म्हणजे पंप बंदच राहणार, आणि गावं टँकरची वाट बघत बसणार.

घरी येऊन बायकोला सांगितलं, तेल नापास झालं. ती नांदेडकडच्या नायगावची, बोलणं तिकडचंच. तिला हे पटेना.

"असं कसं? म्या बाटली चांगली चकचकीत धुतली व्हती."

"कशानं?"

"पाण्यानं! आपल्या वाटणीचं लोटाभर घातलं. लोकायच्या पाण्याचं काम, अन् बाटली घाण न्यायची का?"

मी हसत सुटलो. किती दिवसांनी हसलो असेन. तळाशी राहिलेल्या एका थेंबानंही चांगलं तेल नापास होतं, हे तिला समजावलं.

"धुतलेल्या बाटलीला नावं ठेवणारा माणूस पयल्यांदाच बघून राहिले," ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी बाटली तिनंच उन्हात वाळवली. मी ती त्याच तेलानं दोनदा विसळली, मग भरली.

लातूरला साहेबांना सांगितलं, मागची बाटली पाण्यानं धुतलेली होती. मग काटा चढू लागला. वीस हजार व्होल्ट. तीस. साहेब खुर्ची सोडून यंत्राजवळ आले. चाळीस ओलांडले तरी पेला शांत.

"चालू करा," ते म्हणाले. "आणि बाटली कुणी धुतली होती, ते मला सांगू नका."

मी परतलो आणि खटका ओढला. ट्रान्सफॉर्मर घुमू लागला. त्या आवाजाइतकं गोड मी काही ऐकलेलं नाही. पुढं माझी बदली होईपर्यंत तो थकला नाही. दर वर्षी नमुन्याची बाटली बायकोच उन्हात ठेवायची, उजेडाकडे धरून बघायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

खटका ओढला त्याच संध्याकाळी गावातल्या नळाला पाणी आलं. बायकांच्या घोळक्यातून ती भरली घागर कमरेवर घेऊन आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मला म्हणाली, "अहो साहेब, आता पाणी लई हाय. धुऊ का एखादी बाटली?"