लाईटवाला

आमच्या कुंडल गावात घरटी एक माणूस फौजेत. मी मात्र कोकणातल्या एका दीपगृहात नोकरी केली आणि रिटायर होऊन गावी आलो. ‘लाईट हाऊसला होतो’ म्हटलं, तर गावाला वाटलं वीज मंडळात होतो. सांगून सांगून थकलो, पण अजूनही वीज गेली की लोक माझ्याच दारात येतात.

मध्यंतरी तिथल्या जुन्या सोबत्याचा फोन आला. दीपगृहात नवा, छोटा दिवा बसवणार आणि जुनं मोठं भिंग भंगारात काढणार. मी एसटी पकडली आणि तिथल्या साहेबांपुढं उभा राहिलो. ते म्हणाले, “आता जहाजांना उपग्रह वाट दाखवतो.”

“दाखवू दे की. भिंग उतरवायचं तर आधी मला उचला,” म्हणालो आणि मनोऱ्याच्या जिन्यातच बसलो. मला उचलायला कुणी आलं नाही. शेवटी साहेबांनी भिंग राहू द्यायचं कबूल केलं, तेव्हाच गावी परतलो. भिंग अजून वर फिरतंय.

परवा संध्याकाळी गावात वीज गेली. शेजारी नेहमीसारखा ओरडला, “आवं लाईटवाले, लाईट कवा येनार?”

“तुमची मला ठावं न्हाई,” मी म्हणालो. “माझी अजून गेली न्हाई.”