वांद्र्याच्या किल्ल्यावर माय-बाबा

माय-बाबा मुंबईला आले तेव्हा मला तिथल्या एका दवाखान्यात नर्स होऊन दीड वर्ष झालं होतं. तोवर दोघांपैकी कुणीच आलं नव्हतं. लोह्याहून नांदेडला येऊन त्यांनी गाडी धरली, सकाळी उतरले. मायच्या हातात ज्वारीच्या भाकरींचं गाठोडं. बाबांचं धोतर गाडीतही चुरगळलेलं नव्हतं.

आम्ही चौघीजणी एका खोलीत राहायचो. त्यातली एक रात्रपाळी करून नुकतीच झोपलेली. तिथं यांना बसवायचं कुठं? माझी सुट्टी होती, म्हणून रिक्षा करून दोघांना वांद्र्याच्या टोकाला घेऊन गेले. तिथं समुद्राकाठी जुना किल्ला आहे आणि किल्ल्यात आता बाग आहे. पहिल्या वर्षी जीव घाबरा व्हायचा तेव्हा मी तिथंच जाऊन बसायचे.

बाबांचं आजोळ कंधारचं. तिथल्या किल्ल्यात लहानपणी रोज उनाडलेले. त्यामुळे ही पडकी भिंत त्यांना काही पसंत पडेना.

"ह्याला किल्ला म्हंतेत? कंधारच्या एका कोपऱ्यात मावंल की."

पण लगेच भिंतीशी गेले, दगडांच्या सांध्यावर बोट फिरवलं. "चुना हाय. जुनं काम हाय," म्हणाले. मग पायऱ्या चढून वर आलो आणि समोर एकदम समुद्र आला. बाबांनी डोळ्यांवर हात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. शेवटी म्हणाले, "खंदक मातर लई मोठा हाय."

मायला हसू आवरेना. तिनंही समुद्र पहिल्यांदाच पाहिला होता. पदर डोक्यावर घट्ट धरून तिनं विचारलं, "पल्याडच्या बाजूला कोणतं गाव हाय?"

झाडाखाली, तटाच्या आडोशाला जोडपी बसलेली होती. बाबा मान खाली घालून चालले. रखवालदार अधूनमधून शिट्टी वाजवून कुणाला तरी उठवत होता. प्रत्येक शिट्टीगणिक बाबांचा चेहरा उतरत गेला. आम्ही एका पायरीवर बसलो आणि बाबा जे बोलायला आले होते ते त्यांनी बोलून टाकलं.

"लातूरचं ठिकाण आलंय. पोरगा मास्तर हाय, घरची शेती हाय. पुढल्या आठवड्यात बघायला येऊन राहिलेत. तू नोकरी सोडायचा कागद देऊन टाक अन् चल."

"बाबा, मला न विचारता?"

"इचारायचं काय त्यात? हे असलं गाव! हितं एकल्या पोरीनं राहायचं का?"

मायनं गाठोडं सोडलं. "आधी लेकराला जेवू द्या," एवढंच म्हणाली. भाकरी, तिळाची चटणी, कांदा. तिघांनी एकमेकांकडे न बघता खाल्लं. हात धुऊन बाबा उठले आणि "येतो जरा" म्हणत एकटेच खाली खडकांकडे निघाले.

ओहोटी होती. काळ्या खडकांवर हिरवं शेवाळ. मी हाक मारायला उठले, तोच त्यांचा पाय सटकला. मी धावत पोचले तेव्हा ते खडकावर बसलेले होते आणि पोटरीतून रक्त वाहत होतं. खडकाला चिकटलेल्या शिंपल्या सुरीसारख्या असतात. मायनं वरूनच रडायला सुरुवात केली.

मी ओढणी काढली, घडी केली आणि जखमेवर दाबून धरली. बाबा उठायला बघत होते.

"हालायचं न्हाई," मी म्हणाले. "पाय माझ्या मांडीवर ठेवा. बोटं हालवा बघू. हालतेत. आता माझ्याकडं बघा, जखमेकडं न्हाई."

आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांना हुकूम दिला होता, आणि त्यांनी तो मुकाट ऐकला.

रखवालदार शिट्टी वाजवत आला. आता बोलणी बसणार असं मला वाटलं. पण आमचं बोलणं कानावर पडलं आणि तो थबकला.

"कुठले तुम्ही, मामा?"

"लोहा," बाबा कण्हत म्हणाले.

"मी उदगीरचा!" त्यानं शिट्टी खिशात टाकली आणि बाबांच्या काखेत हात घातला. दोघांनी मिळून त्यांना वर आणलं. त्याच्या चौकीतल्या पेटीत कापूस आणि पट्टी होती. मी जखम स्वच्छ धुतली, पट्टी बांधली. रक्त थांबलं होतं, पण टाके लागणार होते.

तो रिक्षा बघायला गेला आणि आम्ही तटाला टेकून बसलो. बाबा पट्टीकडे बघत होते.

"दवाखान्यात लोकायला असंच दटावतीस का?"

"हाव."

"अन् ऐकतेत?"

"ऐकतेत."

थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "करमतं तुला हितं?"

"आधी न्हाई करमायचं. रोज रडायचे. आता करमतं."

"फोनवर कधी बोलली न्हाईस."

"तुम्ही न्यायला आला असता."

"आलो असतो," ते म्हणाले.

टाके घालून घेतले, इंजेक्शन झालं. दवाखान्याच्या बाकावर बसूनच बाबांनी लातूरला फोन लावला. "पोरीला सुट्टी न्हाई. दिवाळीत येईल तवा तीच बोलंल पोराशी. तिला पटलं तर बघू," असं खणखणीत आवाजात सांगितलं. माय माझ्याकडे बघत राहिली.

दिवाळीत मी त्या मुलाला भेटले. माणूस चांगला होता, पण त्याला नोकरी न करणारी बायको हवी होती. तसं त्यानं सरळ सांगितलं, मीही सरळ नाही म्हटलं. घरात कुणी भांडलं नाही. आता माझ्याकडे वॉर्डातल्या नव्या मुलींना शिकवायचं काम आहे. लोह्यात कुणाचं बीपी वाढलं की बाबा त्याला समोर बसवून मला फोन लावतात आणि "नीट ऐक, ती सांगंल तसंच कर" असं मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं बजावतात.

परवा मायचा फोन आला होता. बाबा शेतात गेल्याची खात्री करून ती म्हणाली, "पुढल्या बारीला मी एकलीच येते. मला त्या पाण्यात पाय घालायचा राह्यलाय."