पिंपाचं झाकण

मऊ गादीवर पाठ टेकली की आजही माझं टाळकं सरकतं. शेगावात फोमच्या शेडमध्ये मी खोळी शिवायचो, तेव्हा तिथला एक कामगार फोमसाठी आयसोसायनेट नावाचं रसायन ओतायचा. बर्फपेट्यांच्या कडक फोमसाठी ते तपकिरी, घट्ट असे. लॉजच्या गाद्यांसाठी पातळ, पाण्यासारखं. या पातळ रसायनाची वाफ छातीत बसे, म्हणून तो श्वास कोंडून पिंपावर वाकायचा. खोकला उठला की मालक गुळाचा खडा द्यायचा आणि ओरडायचा, "झाकण लाव बे, दमट हवेनं माल नासते!"

एकदा त्यानं तो खडा मालकाच्या पायाशी फेकला. "पिंपाले झाकण हाये. माह्या नाकातोंडाले काऊन नाही?"

मालकानं त्याच्याकडं पाहिलंच नाही. उघड्या पिंपाकडं बोट दाखवून म्हणाला, "आधी ते लाव."